घाटात धापा टाकणारी स्कूटर : ताकद वाढवावी की गेलेली परत आणावी?

धारणीहून हरिसाल, सेमाडोह करीत परतवाड्याकडे जाणारा रस्ता म्हणजे स्कूटरच्या इंजिनाची परीक्षाच होय. त्यात मागे कापडाचे गठ्ठे किंवा बांगड्यांच्या पेट्या बांधलेल्या. आठवडी बाजार करणारे कित्येक छोटे व्यापारी अशाच गाडीवर पोट भरतात. गाडी चढावर धापा टाकू लागली की मिस्त्रीकडे एकच मागणी येते, "उस्ताद, पिकअप वाढवून द्या." या मागणीला काय उत्तर द्यावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आपल्याकडील जुन्या कारागिरांचा हात टू-स्ट्रोक गाड्यांवर बसलेला आहे. १९७२ पासून चेतक स्कूटरने आपली गॅरेजे चालविली. तिच्या सिलिंडरमध्ये गॅस येण्या-जाण्याची भोके, म्हणजे पोर्ट, असत. कानस फिरवून पोर्ट थोडे वाढविले, सायलेन्सरमधील काजळी जाळून काढली की फरक लगेच जाणवे. फोर-स्ट्रोकमध्ये ही विद्या चालत नाही. येथे वाल्व कधी उघडावा व कधी मिटावा हे कॅम ठरवितो आणि कॅमला कानस लागली की तो भंगारातच जातो.

दुसरा गैरसमज बोअरचा. "०.५० चा पिस्टन टाकला, आता गाडी उडेल," असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. हिशेब करून पाहू. होंडा ॲक्टिव्हा २००१ मध्ये आली तेव्हा तिचा बोअर ५० मि.मी. व स्ट्रोक ५२ मि.मी., म्हणजे इंजिन १०२ सी.सी. होते. २००९ मध्ये कंपनीने बोअर तोच ठेवून स्ट्रोक ५५.६ केला व इंजिन १०९ सी.सी. झाले. आता या इंजिनात ०.५० चा पिस्टन बसविला तर बोअर ५०.५ होतो आणि इंजिन १११.४ सी.सी. भरते. वाढ झाली सव्वादोन सी.सी.! पिकअप सुधारतो तो या सव्वादोन सी.सी.ने नव्हे, तर झिजलेल्या सिलिंडरमधून निसटणारा दाब पुन्हा कोंडला गेल्यामुळे. नवे काही मिळाले नाही, हरवलेले सापडले. गिऱ्हाइकाला हे असेच सांगावे.

मग ४ मि.मी. मोठा पिस्टन का टाकू नये? त्याने १२७ सी.सी. होतात हे खरे. परंतु खरादीवर लायनर कापला की भिंत पातळ होते व गॅस्केटला बसायला जागा उरत नाही. हेड तेच राहिल्याने दाब वाढतो. मूळ दाब ९ ला १ धरला तर तो १०.३ ला १ च्या आसपास जातो. उष्णता वाढली, पण थंड करणारा पंखा तोच. वऱ्हाडातील मे महिन्यात असे इंजिन चढावर खडखडू लागते आणि पिस्टन धरतो. खुद्द कंपनीने २०२० च्या मॉडेलात काय केले ते पाहा : बोअर ४७ वर आणला व स्ट्रोक ६३ मि.मी.च्या वर नेला. सी.सी. जवळपास तितकेच राहिले.

तेव्हा गाडी आली की पाना उचलण्याआधी मोजमाप घ्यावे. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावावा, थ्रॉटल पूर्ण उघडावे व सेल्फ मारावा. दाब कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंग-सिलिंडरमध्ये; न वाढला तर वाल्वमध्ये. दोन मिनिटांच्या या तपासणीने विनाकारण बोअरचा खर्च टळतो.

वाल्वचा दोष पुष्कळदा टॅपेटमध्ये निघतो. गिऱ्हाइकाला टॅपेटचा आवाज सहन होत नाही आणि मिस्त्री त्याच्या समाधानासाठी तो हाताच्या अंदाजाने आवळतो. वास्तविक वापराबरोबर वाल्व आपल्या सीटमध्ये खोल बसत जातो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. फट संपली की गरम इंजिनात वाल्व पुरता मिटत नाही, जळता गॅस त्याच्या कडेने निसटतो व एक्झॉस्ट वाल्व जळतो. आवाज करणारा टॅपेट त्या मानाने बरा. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणून, कंपनीच्या पुस्तकातील मापाने फीलर गेज लावूनच फट ठेवावी. हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असते. ते नखाला कळत नाही.

इंजिन निर्दोष निघाले तर डाव्या बाजूचे झाकण उघडावे. घाटात ओढ कमी पडण्याचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडावर ज्यांनी काम केले त्यांना व्हेरिएटर नवा नाही. बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजावी. रोलर एका बाजूने चपटे झाले असतील तर सगळेच्या सगळे बदलावेत, दोन-तीन बदलू नयेत. ज्याला खरोखर चढावर जोर हवा आहे त्याच्यासाठी कायदेशीर, स्वस्त आणि उलटविता येणारा उपाय हाच : प्रत्येक रोलर अर्धा ते एक ग्रॅम हलका घ्यावा. हलका रोलर उशिरा सरकतो, त्यामुळे इंजिन जास्त फेऱ्यांवर राहते आणि गाडी ओझे ओढते. त्याची किंमत पेट्रोलच्या रूपाने द्यावी लागते, हे आधीच सांगून टाकावे. अमरावतीच्या सपाट रस्त्यावर रोज धावणाऱ्याला हा बदल मुळीच करून देऊ नये.

इंजिनावरचे प्लास्टिकचे आवरण "कटकट नको" म्हणून काढून ठेवणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. पंख्याची हवा सिलिंडरभोवती फिरते ती त्या आवरणामुळेच. स्क्रू हरवला असेल तर नवा लावावा.

कार्बोरेटरबाबत एवढेच की चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास उंच आहे, तेथे हवा विरळ असते व मिश्रणात पेट्रोल जास्त होते. तेथे गाडी थोडी मंदावली म्हणून धारणीत जेट बदलू नये; खाली आल्यावर मिश्रण कोरडे पडून इंजिन तापेल. १ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस. ६ गाड्यांत तर कार्बोरेटरच नाही, सेन्सर सांगेल तेवढे पेट्रोल सोडले जाते. आवाजाचा सायलेन्सर लावल्याने त्यांची ताकद वाढत नाही, सेन्सरचा हिशेब मात्र चुकतो.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरविलेल्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मोठा पिस्टन टाकून देणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला या फेऱ्यात ढकलतो, आणि अपघात झालाच तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

चढण्याची ताकद मागणाऱ्याच्या गाडीचे ब्रेक शू न पाहता गाडी परत देऊ नये. स्कूटरला उतारावर मोटारसायकलसारखा खालचा गिअर टाकता येत नाही. वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि ओझ्यासकट सारा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ठेवलेला ड्रम तापला की पकड सोडतो. चढताना गाडी बंद पडली तर माणूस ढकलत नेईल, उतरताना तसे नाही.

काम झाल्यावर जुने सुटे भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत व बिलावर आधीचा आणि नंतरचा दाब, टॅपेटचे माप व रोलरचे वजन लिहावे. तपासणीची मजुरी वेगळी लावावी; त्यात संकोच कसला? आणि बोअर केलाच असेल तर पहिले ५०० किलोमीटर ओझे घेऊन घाट चढू नये व त्यानंतर ऑइल बदलून घ्यावे, हेही त्याच बिलावर ठळक अक्षरांत लिहून द्यावे.