सांगायचं कुणी, कुणाला आणि कधी

पुणे

चि. सोनू हिस,


तुझा मेसेज वाचला. पस्तिशीचा माणूस, एचआयव्हीच्या गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या, घरी बायको आणि शाळेत जाणारा मुलगा. ‘बायकोला सांगणार नाही, तुम्हीही सांगायचं नाही’ म्हणून तो हात जोडून बसलाय. आणि तू विचारतेस, ‘आत्या, मीच तिला फोन करून सांगून टाकू का? कायदा आता परवानगी देतो ना?’

देतो. पण फोनवरून नाही, आज नाही, आणि ज्या संतापात तू विचारते आहेस त्या संतापात तर मुळीच नाही. जरा सविस्तर लिहिते, कारण डॉक्टर म्हणून एआरटी सेंटरवर, म्हणजे या गोळ्या देणाऱ्या केंद्रावर, बसलीस की हा प्रश्न तुझ्यापुढे पुन्हा पुन्हा येणार.

तुझा संताप मला परका नाही. भोसरीच्या तेव्हाच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायका तपासल्या. ज्या धंद्यात नव्हत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाल्या. त्यातल्या बहुतेकींचा नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध आलेला नव्हता. १९९७ साली तो निबंध ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर पुणेकरांच्या लेखी हा आजार बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत राहत होता. तो सदाशिव पेठेतल्या आणि हडपसरच्या स्वयंपाकघरांतही पोचलाय, हे या शहरातल्याच संशोधनाने दाखवून दिलं. म्हणून त्या बाईला कळायला हवं याबद्दल माझं तुझं दुमत नाही. तिला कोणत्या वाटेने कळावं, एवढाच प्रश्न आहे.

‘श्री. एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ हा खटला तू शिकली असशील. एका माणसाने रक्त दिलं, तपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला, ती गोष्ट हॉस्पिटलातून बाहेर फुटली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याने हॉस्पिटलवर दावा लावला. १९९८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोपनीयतेचा हक्क अमर्याद नाही, समोरच्या मुलीच्या जिवाचा हक्क त्याहून वरचढ ठरतो. इथवर मला पटतं. पण कोर्ट आणखी पुढे गेलं आणि अशा माणसाचा लग्नाचा हक्कच जणू गोठवून टाकला. त्या शेऱ्यांची गरज नव्हती असं म्हणून २००२च्या डिसेंबरात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बाजूला काढले. तरीही डॉक्टरांनी कसं सांगायचं, कधी, आणि आधी काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे वागायचं, अशी गत होती. कुणी तोंड शिवून बसलं, कुणी रिपोर्ट थेट सासऱ्याच्या हातात दिला.

ती गत २०१७च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने संपवली. १० सप्टेंबर २०१८पासून तो लागू आहे. त्यातलं कलम ९ तू मुळातून वाच, माझ्या पत्रावर विसंबू नकोस. सांगण्याचा अधिकार फक्त डॉक्टरला किंवा समुपदेशकाला आहे. नर्सताईंना नाही, लॅबवाल्याला नाही, केसपेपर काढणाऱ्याला नाही. तो अधिकारही रुग्ण थेट तुझ्या देखरेखीखाली असेल तरच. आधी तुला खात्री हवी की जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका आहे. मग रुग्णाला समजावलेलं हवं की तू स्वतः सांग. तो सांगणार नाही हे तुला नक्की पटलेलं हवं. आणि एवढं झाल्यावरही, ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला आधी तोंडावर सांगायचं. नंतर जोडीदाराला समुपदेशन करून, समोरासमोर बसवून सांगायचं. फोन, चिठ्ठी, व्हॉट्सॲप यांतलं काहीही चालत नाही.

आता नीट बघ, कायद्याने सांगण्याची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. या कलमाला धरून तू सांगितलंस तरी, आणि न सांगितलंस तरी, तुझ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दावा चालत नाही. जोडीदाराला हुडकून काढण्याची जबाबदारीही तुझ्यावर नाही. म्हणजे कोर्टाच्या भीतीने यातलं काहीच ठरवायचं नाही. निर्णय तुझ्या विवेकावर सोडलेला आहे, आणि हेच मला या कायद्यातलं सगळ्यात अवघड वाटतं.

त्या माणसाच्या बाबतीत धोक्याची अट आज पुरी होते, कारण गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात. पण हे कायम असं राहणार नाही. जगभरच्या १,७६३ जोडप्यांवर झालेल्या ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासात पुण्यातली जोडपीही होती. लवकर औषधं सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे त्यातून २०११ साली पुढे आलं. त्यानंतरच्या अभ्यासांनी सांगितलं की रक्तातला विषाणू मोजणीत सापडेनासा होऊन तसाच टिकला, तर संबंधांतून लागण होत नाही. उद्या याचा व्हायरल लोड तसा आला आणि टिकला, तर ‘मोठा धोका’ म्हणायला तुझ्याकडे आधार उरणार नाही. तेव्हा तो बायकोशी खोटं वागतोय हे तुला खुपेल, मलाही खुपेल. पण नवरा-बायकोतलं खोटं उघडं पाडण्याचा अधिकार या कलमाने डॉक्टरला दिलेला नाही, जीव वाचवण्यापुरता दिला आहे. अर्थात गोळ्या सुरू होण्याआधीच तिला लागण झालेली असू शकते, म्हणून तिची तपासणी लवकर व्हायलाच हवी, आणि तुझा सगळा जोर त्यावर लाव.

हेच प्रकरण उलटं असतं तर? याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे आपल्याकडे सगळ्यात मोठा अन्याय होतो. गरोदरपणात बहुतेक बायकांची तपासणी होते, नवऱ्याची होतेच असं नाही. त्यामुळे घरात आजार कुणीही आणलेला असो, पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट पुष्कळदा बायकोच्या नावाने येतो. आणि ज्याचा रिपोर्ट आधी, दोष त्याचा, असा सरळ हिशेब सासरी लागतो. पोटुशी सून माहेरी धाडली जाते, नवरा गेला की जमिनीवरचा, खोलीवरचा हक्क नाकारला जातो. कायद्याने हे ओळखलं आहे. बाईच्या नवऱ्याला सांगितल्याने तिला मारहाण होईल, तिला टाकून देतील, तिच्या किंवा मुलांच्या जिवाला अपाय होईल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने सांगायचंच नाही. तिथे मुभाही उरत नाही. ही भीती ती आपण होऊन बोलून दाखवणार नाही. तुला विचारावं लागेल. ‘घरी कळलं तर काय होईल?’ एवढा एक प्रश्न विचार आणि मग गप्प बस. ती बोलायला वेळ घेईल. बाहेर रांग वाढली तरी चालेल.

आणखी एक पेच येईल. साखरपुडा झालेला मुलगा पॉझिटिव्ह निघतो आणि लग्न महिन्यावर आलेलं असतं. कायद्यात जोडीदार म्हणजे नवरा-बायको किंवा तसंच नातं असलेली व्यक्ती. साखरपुड्यातली मुलगी त्या व्याख्येत सरळ बसत नाही. १९९८च्या निकालाच्या भरवशावर मुलीच्या बापाला फोन लावू नकोस. मुलाशी बोल, लग्न पुढे ढकलायला लाव, आणि तरीही तो ऐकत नसेल तर वरिष्ठांना आणि वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

‘सांगू नकोस’ यावर मी एवढा भर देते, कारण माहिती एकदा सुटली की तिला लगाम राहत नाही. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला उचलून एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटं कोंडून ठेवलं. त्याची सुटका व्हावी म्हणून त्याच्या आईला कोर्टाची पायरी चढावी लागली. त्याचं नाव सगळ्या देशाला कळलं, आणि त्यामुळे कुणाचाही जीव वाचला नाही. कायद्याने जोडीदार म्हटलं आहे, तेव्हा सासू, दीर, मेव्हणा, सोसायटीचा सेक्रेटरी यांच्यापैकी कुणी ‘आम्ही घरचेच आहोत’ म्हणून रिपोर्ट मागायला आलं, तर पेपर उलटा ठेव आणि त्यांना चहा पाज.

आता तुझा माणूस. तो पुढच्या तारखेला गोळ्या न्यायला येईल तेव्हा त्याला दमात घेऊ नकोस. त्याला कशाची भीती आहे ते आधी शोध. बायको सोडून जाईल, की लागण कुठून झाली हे सांगावं लागेल? पुष्कळांना दुसऱ्या प्रश्नाचंच भय असतं. त्याला सांग, लागण कुठून झाली हे तिला तुमच्याकडून कळायची गरज नाही, तिला तपासणी हवी आहे. ‘तुम्ही दोघं या, मी शेजारी बसते, सुरुवात मी करते, वाक्य तुम्ही पूर्ण करा’ असं म्हण. बरेच जण यावर तयार होतात. तोवर निरोध वापरायलाच हवा, हे त्याच्याकडून वदवून घे. नाहीच म्हणाला तर एक मुदत दे, ती संपली की मी सांगणार हे स्पष्ट बोल, आणि प्रत्येक भेटीत काय बोलणं झालं ते तारखेसह फाइलमध्ये लिही. मुदत संपल्यावर मात्र कचरू नकोस. तिला बोलावून घे, दार लाव, समुपदेशक ताईंना सोबत घे, आणि तिची तपासणी त्याच दिवशी होईल याची सोय आधी करून ठेव. निगेटिव्ह आली तर पुन्हा तपासणी कधी, पॉझिटिव्ह आली तर गोळ्या लगेच, आणि तिला बोलायला कुणी हवं असेल तर पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनेतल्या एखाद्या बाईचा नंबर, एवढं तिच्या हातात असल्याशिवाय तिला घरी पाठवू नकोस. त्या रात्री ती कुठे झोपणार आहे, हेही विचार.

त्याची तारीख झाली की मला कळव. रात्री दहापर्यंत मी जागीच असते.

तुझी,
आत्या