तुझा नेम, तिची सीट

बाळा, येशिवाच्या धर्मपाठशाळेत गेल्यापासून तू सगळे नियम, परक्या बाईशेजारी न बसण्याचाही, नेटाने पाळतोस, याचं तुझ्या आत्याला मनापासून कौतुक आहे. आता एकटाच विमानाने ठाण्याला आजीकडे निघालास, म्हणून चार गोष्टी कानात सांगते.

१. सीट तिकीट काढतानाच निवड, जास्तीचे पैसे पडले तरी भर — नेम ज्याचा, भुर्दंड त्याचा.

२. कोशर जेवण निदान २४ तास आधी सांग आणि पिशवीत घरच्या चपात्या ठेव — भूक लागली की तू कसा फुरंगटतोस, ते मी तू रांगत होतास तेव्हापासून बघतेय.

३. शेजारी बाई येऊन बसली तर ताडकन उठू नकोस. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन धर्माच्या बाबतीत किती काटेकोर! पण बस-रेल्वेच्या गर्दीत नकळत लागलेल्या धक्क्यात दोष नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय — मन सिद्दूरमध्ये, प्रार्थनेच्या पुस्तकात, असलं की कोपर आपोआप आवरतं.

४. तरीही जड वाटलं तर ‘मला दुसरी जागा मिळेल का?’ एवढंच विचार. ‘यांना हलवा’ म्हणू नकोस. २०१५ साली नेवार्क-तेल अवीव विमानात एका प्रवाशासाठी एल अल या इस्रायली विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याने ८१ वर्षांच्या निवृत्त वकीलबाईंना उठवलं. लहानपणी नाझींच्या तावडीतून सुटलेली बाई ती! त्या कोर्टात गेल्या. जून २०१७ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने त्यांना ६,५०० शेकेल भरपाई दिली आणि सांगितलं, शेजारच्याला बाई नको म्हणून बाईला जागा बदलायला सांगणं हा बेकायदा भेदभाव आहे — तिनेही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात, बाळा.

५. कुणी निमूट उठलं म्हणजे त्याला चाललं, असं समजू नकोस. तुझ्या काकांच्या सोयीसाठी मी एकदा एका मुलीला उठायला लावलं होतं. अर्धं सोललेलं संत्रं तिने रुमालात गुंडाळलं, काही न बोलता मागे गेली आणि तोंड फिरवून बसली — संत्रं दिसलं की अजून ती पाठ आठवते.

६. एकदा विचार, नाही म्हणाले तर ‘बरं’ म्हण.

७. मिनियनसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी, दहा जण जमवून वाट अडवू नकोस, जागेवर बसून प्रार्थना कर — मागे कुणाला तरी घाईची लागलेली असते.

८. टोपीचा डबा मांडीवर घे.

९. गुरुवार-शुक्रवारचं विमान नको. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कहून बर्फामुळे उशिरा निघालेलं एल अलचं विमान शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत अथेन्सला उतरवावं लागलं, सगळ्यांचाच खोळंबा झाला — शब्बाथ पाळायचा तर पंचांग आधी पाहावं.

उतरताना शेजारच्या बाईंची बॅग वरून काढून दे आणि आजीकडे पोहोचलास की फोन कर.