साडेसत्तेचाळीस किलोंचा जगज्जेता

चि. भाचेबुवांस,



काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. बॉक्सिंगच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत खाली बसलास, उठलास, गुणांवर हरलास आणि त्यानंतर तीन दिवस ग्लोव्हज पिशवीतून बाहेर काढले नाहीस, इतकं तिने सांगितलं. शिवाय तू म्हणालास म्हणे, ‘आमच्या वजनाच्या लढती सकाळीच उरकून टाकतात. प्रेक्षक येईपर्यंत आम्ही कपडे बदलून डबा खात बसलेलो असतो.’ तक्रार रास्त आहे. म्हणून मामाने आज एका माणसाची हकीकत लिहायला घेतली आहे. उपदेश अधूनमधून येईलच. मामा लोकांना ती खोड असते.

माणसाचं नाव रिकार्डो लोपेझ. जन्म 25 जुलै 1966, मेक्सिकोतल्या क्वेर्नावाकाचा. लोक त्याला ‘फिनितो’ म्हणत. स्पॅनिशमध्ये ‘फिनो’ म्हणजे नाजूक, सुबक. ‘फिनितो’ हे त्याचं लाडकं रूप. वजनगट 105 पौंडांचा, म्हणजे आपल्या काट्यावर 47.6 किलो. सिमेंटची गोणी 50 किलोंची असते, हा गडी त्याहूनही हलका. पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमधला हा सगळ्यात खालचा गट, आणि तोही 1987 साली नव्याने सुरू झालेला. त्या गटाला परंपरा नव्हती, पैसा नव्हता, नाव नव्हतं.

1990 साल घे. फेब्रुवारीत टोकियो डोममध्ये माइक टायसन बस्टर डग्लसकडून हरला आणि ती बातमी जगभर पोहोचली. आठ महिन्यांनी, 25 ऑक्टोबरला, त्याच डोमच्या शेजारच्या कोराकुएन हॉलमध्ये चोवीस वर्षांच्या लोपेझने जपानच्या हिदेयुकी ओहाशीला पाचव्या फेरीत गारद करून जागतिक किताब घेतला. कोराकुएन म्हणजे जेमतेम दोन हजार लोक मावतील एवढा हॉल. मेक्सिकोबाहेर फारशी कुणी दखल घेतली नाही. त्यानंतर आठ वर्षं या माणसाने तो किताब हातचा जाऊ दिला नाही. जपान, कोरिया, थायलंड, फिलिपिन्स, जिथून आव्हानवीर आला तिथला त्याने परत पाठवला.

आता त्याच्या जुन्या लढती मोबाइलवर शोध. बघताना ठोशाकडे बघू नकोस, परत येणाऱ्या हाताकडे बघ. जॅबसाठी डावा हात सरळ जातो आणि गेला त्याच रेषेने गालापाशी परततो. वाटेत कुठे झोल पडत नाही. तोवर उजवी मूठ हनुवटीला चिकटलेली. पाय एकमेकांत अडकत नाहीत, उड्या मारत नाहीत. समोरचा जेवढा सरकतो तेवढेच सरकतात. त्याचा गाजलेला अपरकट डाव्या हाताचा. पण तो बसायचा याचं कारण आधीचे वीस जॅब असत. समोरच्याचा गार्ड त्या जॅबच्या मागे मागे वर गेलेला असायचा आणि खाली दार उघडं राहायचं.

हे कुठून आलं? आधी कुयो हर्नांडेझ आणि मग नाचो बेरिस्ताईन या दोन वस्तादांच्या हाताखालून. पहिल्या महिन्यात शिकवतात ते शेवटच्या लढतीतही जसंच्या तसं दिसेल असे बॉक्सर फार थोडे, आणि लोपेझ त्यांतला. तुझे कोच तुझ्याकडून रोज आरशासमोर दहा मिनिटं नुसता जॅब काढून घेतात म्हणून तू वैतागतोस, हेही तुझ्या आईकडून कळलं.

प्रेक्षकांच्या बाबतीत मात्र फिनितोचं नशीब तुझ्यासारखंच. प्रमोटर डॉन किंग त्याच्या लढती मोठ्या नावांच्या कार्यक्रमात आधी ठेवायचा. लोक टायसनला बघायला यायचे. हलक्या गटाच्या लढती चालू असत तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. त्याच काळात तीनच पौंड वरच्या गटात मायकेल कार्बाहाल आणि उंबेर्तो गोन्झालेझ यांनी 1993 आणि 1994 साली अशा लढती दिल्या की कार्बाहालला एका लढतीचे दहा लाख डॉलर मिळाले. त्या गटात तोवर एवढी रक्कम कुणी पाहिली नव्हती. त्या दोघांशी लोपेझची गाठ कधी पडलीच नाही. पण एक जोड लावून बघ. 1993च्या जुलैमध्ये लोपेझने थायलंडच्या समान सोरजातुराँगला दुसऱ्या फेरीत झोपवलं होतं. दोन वर्षांनी त्याच समानने गोन्झालेझला सातव्या फेरीत थांबवून त्याचे किताब काढून घेतले. जाणकारांनी हिशेब मांडायचा तो मांडला.

आता तुझ्या विषयाकडे येऊ. खाली बसण्याकडे.

7 मार्च 1998. मेक्सिको सिटीतलं बैलझुंजीचं भलंमोठं मैदान. त्या रात्रीही गर्दी हुलिओ सेसार चावेझसाठी जमली होती. लोपेझसमोर होता निकाराग्वाचा रोसेंदो अल्वारेझ, तोही जगज्जेता, पण दुसऱ्या संघटनेचा, आणि तोही अजिंक्य. दुसऱ्या फेरीत अल्वारेझचा उजवा हात आला आणि तेरा वर्षांच्या कारकिर्दीत लोपेझ पहिल्यांदाच खाली गेला. घरच्या लोकांसमोर. तो उठला, पंचांची मोजणी ऐकली आणि पुढच्या फेरीत जॅब पुन्हा सुरू केला. त्याने घाईने हिशेब चुकता करायला झेप घेतली नाही. सातव्या फेरीत डोक्याला डोकं लागलं, लोपेझला खोल जखम झाली आणि लढत थांबवावी लागली. निकाल बरोबरीचा. त्याच्या आकड्यांमधली ही एकमेव बरोबरी.

आठ महिन्यांनी, 13 नोव्हेंबर 1998ला, दोघे लास वेगासला पुन्हा भेटले. अल्वारेझला वजन उतरवता आलं नाही आणि त्याचा किताब काट्यावरच गेला. लोपेझ स्वतःच्या गटाच्या वजनात उभा राहिला आणि आपल्यापेक्षा भारी माणसाशी बारा फेऱ्या खेळला. एका पंचाने अल्वारेझला जिंकवलं, दोघांनी लोपेझला. कारकिर्दीतली सगळ्यात अवघड लढत म्हणून हीच नोंदली गेली. मामाच्या मते त्याचे सोपे नॉकआऊट एकीकडे आणि ही एक लढत एकीकडे.

काट्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नीट ऐक. आदल्या रात्री जाड कपडे घालून धावणं, पाणी तोडणं, थुंकत बसणं हे प्रकार होस्टेलवर चालतात, हे मामाला ठाऊक आहे. ऑगस्ट 2024मध्ये पॅरिसला विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं: 50 किलोंच्या अंतिम कुस्तीच्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरले आणि पदक गेलं. तिच्या जिद्दीवर कोण बोट ठेवणार? पण तुझं वय सतरा आहे, हाडं अजून वाढताहेत. वजन वर चाललं असेल तर कोचना सांग आणि गट बदल.

गट बदलण्यात कमीपणा नाही. लोपेझ तेहतिसाव्या वर्षी 108 पौंडांच्या गटात गेला आणि 2 ऑक्टोबर 1999ला विल ग्रिग्सबीकडून तिथलाही किताब घेतला. आपल्याकडचंच बघ. अमित पंघालने 2018ला जकार्ताच्या एशियाडमध्ये 49 किलोंत सुवर्ण जिंकलं, तेही रिओचा ऑलिंपिक विजेता हसनबॉय दुस्मातोव्हला हरवून. मग टोकियो ऑलिंपिकमधून तो गटच काढून टाकला. अमित 52 किलोंत गेला आणि 2019च्या जागतिक स्पर्धेत रौप्य घेऊन आला. टोकियोत मात्र पहिल्याच लढतीत बाहेर पडला. दुस्मातोव्हही वर सरकला आणि 2024ला पॅरिसमध्ये 51 किलोंत पुन्हा सुवर्ण घेऊन गेला. गट काढणारे कार्यालयात बसून गट काढतात. वर कसं सरकायचं ते खेळणाऱ्यानेच बघायचं असतं.

फिनितोची शेवटची लढत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली. कार्यक्रम 15 सप्टेंबर 2001चा ठरला होता. 11 तारखेला त्या शहरावर हल्ला झाला आणि सगळं दोन आठवडे पुढे गेलं. 29 सप्टेंबरला त्याने दक्षिण आफ्रिकेच्या झोलानी पेटेलोला आठव्या फेरीत बाद केलं. मुख्य लढत अर्थातच दुसऱ्या कुणाची, हॉपकिन्स आणि त्रिनिदादची. पस्तीस वर्षांचा लोपेझ त्यानंतर रिंगणात उतरला नाही. 2002 साली निवृत्ती जाहीर केली आणि ती पाळली. बॉक्सिंगमध्ये निवृत्ती पाळणारे किती निघतात ते तू स्वतः मोजून बघ. 52 लढती, 51 विजय, त्यांतले 38 नॉकआऊट, एक बरोबरी, पराभव शून्य. जागतिक किताबाच्या 26 लढतींत तो एकदाही हरला नाही. 2010 साली त्याला कॅनास्टोटाच्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली.

या शून्याकडे बघून मात्र तू खट्टू होऊ नकोस. तुझं शून्य गेलं, ते काही परत येणार नाही. तुझ्या कामाचा माणूस या गोष्टीत दुसराच आहे: कोराकुएन हॉलमध्ये पाचव्या फेरीत पडलेला ओहाशी. तो 1992 साली दुसऱ्या संघटनेचा किताब जिंकून पुन्हा जगज्जेता झाला. पुढे त्याने योकोहामाला स्वतःची व्यायामशाळा काढली. आज ज्याच्या नावाने जपानमधली मोठमोठी सभागृहं भरतात तो नाओया इनोए, दोन वजनगटांत सगळे किताब एकत्र करणारा, त्याच व्यायामशाळेचा.

दिवाळीला येशील तेव्हा लोपेझ आणि अल्वारेझची दुसरी लढत आपण दोघे लावू. बाराही फेऱ्या बघायच्या, मोबाइल आईकडे देऊन, आणि प्रत्येक फेरीचे गुण वहीत लिहायचे. तोवर पिशवीतले ग्लोव्हज काढून उन्हात ठेव. तीन दिवस बंद राहिले आहेत, वास मारत असतील.

तुझा,
मामा