डोंग्यातली दुर्बीण

नागभीड-सिंदेवाहीकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर कयाक किंवा ढिवरांचा डोंगा घेऊन पक्षी बघायला निघालेल्यांना मी आधी दुर्बिणीवरचे आकडे विचारतो. बहुतेकांकडे १०×५० असते. काठावर तिपाईला लावली तर ती झकास. पाण्यात मात्र पक्षी दहापट मोठा दिसतो तसा हाताचा कंप आणि डोंग्याचं डुलणंही दहापट दिसतं. हिवाळ्यात कमळपक्ष्याची लांब शेपटी गळालेली असते; ओळख पटते ती मानेच्या कडेच्या पिवळसर पट्ट्यावरून. तो पट्टा दहापटीत नुसता थरथरतो, आठपटीत दिसतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. माझी जुनी दुर्बीण ‘वॉटर रेझिस्टंट’ होती. डोंग्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यात ती पडली, लगेच उचलली, पुसली. दुसऱ्या दिवशी बाहेरून कोरडी ठणठणीत आणि आत वाफ धरलेली. वाफ ओसरली, पण पुढच्या पावसाळ्यात आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली. ‘रेझिस्टंट’ दुर्बीण शिंतोडे सोसते, बुडी नाही. म्हणून वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेलीच घ्या. आयपीएक्स-७ लिहिलेलं असलं तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते.

समुद्रावर ७×५० चालते. पुढच्या भिंगाच्या ५० मिलिमीटर व्यासाला ७ ने भागलं की सुमारे ७ मिलिमीटर, एवढा रुंद प्रकाशझोत डोळ्यात येतो. झुंजुमुंजूला त्याचा फार उपयोग. पण वजन किलोभर, आणि कयाकमध्ये एक हात कायम वल्ह्यावर. मी ८×३२ वापरतो. पहाटे ८×४२ सरस ठरते, हे खरं. तरी हाताला हलकी ती जास्त वेळा डोळ्याला लागते.

दुकानात एका हाताने धरून रस्त्यापलीकडची पाटी वाचून बघा. अक्षरं नाचली तर ती दुर्बीण नको. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि मागचं भिंग यांतलं अंतर, १५ मिलिमीटरच्या वर हवं, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात.

गळ्यातला पट्टा लाइफ जॅकेटच्या आत अडकू देऊ नका. कयाक उलटली तर तोच गळ्याला फास होतो. छातीवरचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा जॅकेटच्या वरून बांधा. तरंगणारा पट्टा घेतलात तर घरी दुर्बिणीसकट बादलीत सोडून पाहा, कारण काही पट्टे स्वतः तरंगतात, दुर्बिणीचं वजन पेलत नाहीत.