हिरव्या ओळींवर भाळू नकोस

परंड्याच्या दूध संकलन केंद्रासाठी फॅट-एसएनएफवरून दर काढणारी पायथॉन स्क्रिप्ट तू लिहितेस, हे ऐकून ऊर भरून आला गं. टेस्टही लिहितेस, फार बरं. आता त्या टेस्ट कोडच्या किती ओळींपर्यंत पोचतात, तेही मोजत जा.

१. कव्हरेज डॉट पाय वापर, नेड बॅचेल्डर २००४ पासून त्याची निगा राखतात — व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं तरी पायथॉन आधी काही बोलत नाही, ती ओळ चालली की मगच नेमएरर देतो; आणि तेव्हा दारात दूध घालायला आलेल्यांची रांग असते.

२. 'सोर्स'मध्ये सगळं फोल्डर सांग — टेस्टने कधी इंपोर्टच न केलेली फाइल एरवी रिपोर्टात येत नाही, आणि टक्का उगाच फुगतो.

३. ब्रँच मोड चालू कर, यात आळस नको. समज, गायीच्या दुधाचं फॅट ३.५ पेक्षा कमी असेल तर दर कापणारा 'इफ' आहे, 'एल्स' नाही. पातळ दुधाची एकच टेस्ट लिहिलीस की सगळ्या ओळी हिरव्या, १०० टक्के — पण चांगल्या दुधाला पूर्ण दर मिळतो का, हे कुणी पाहिलंच नाही. ब्रँच मोडमध्ये तो 'इफ' एचटीएमएल रिपोर्टात पिवळा दिसतो.

४. टक्का बघून लगेच उठू नकोस, लाल ओळी वाच — त्या बहुतेक 'एक्सेप्ट'खालच्या असतात, अडचणीच्या वेळी लागणाऱ्या.

५. प्रत्येक टेस्टमध्ये 'असर्ट' हवाच — शेत हिंडलं म्हणजे नांगरलं नव्हे. ओळ चालली एवढंच कव्हरेज सांगतं, उत्तर बरोबर आलं का ते नाही.

६. 'नो कव्हर'ची खूण केलीस तर शेजारी कारण लिही — सहा महिन्यांनी तुलाच विचारावं लागेल.

७. 'फेल-अंडर' आज आहे त्या आकड्यावर ठेव, मग हळूहळू वर ने — पहिल्याच दिवशी १०० चा हट्ट धरलास, तर टेस्ट दुधासाठी नाही, आकड्यासाठी लिहिशील.

८. आणि सगळं हिरवं झाल्यावरही रकाना रिकामा ठेवून बघ. कुणी '४.२' असं मराठी आकड्यांत लिहिलं तर पायथॉनचं 'फ्लोट' ते नीट वाचतं, पण '४,२' किंवा कोरा रकाना आला की व्हॅल्यूएरर — ओळ तीच, हिरवीच, म्हणून रिपोर्ट तुला हे कधी सांगणार नाही.