भंगलेल्या आकृतीतील भाव

चित्रातील स्त्रीचे दुःख आपण तिच्या डोळ्यांत शोधतो. तैयब मेहता (१९२५–२००९) यांच्या रिक्षातील स्त्रीच्या चित्रांत ते तेथे सापडत नाही. रंग सपाट, चेहरा जवळजवळ निर्विकार; हातपाय मात्र तुटल्यासारखे रिक्षाच्या भागांत गुंतलेले. माझ्या मते भाव त्या गुंत्यातच आहे. १९७० च्या ‘कूडल’ या लघुपटासाठी मेहतांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केले होते. पाय बांधून पाडलेला बैल त्यांच्या चित्रांतही वारंवार येतो. तो कत्तलखाना पुढे आमच्या देवनारला आला. जनावरांचे ट्रक नेहमी पाहणाऱ्या मला या स्त्रीच्या शांततेत जखडलेल्या देहाची शांतता दिसते. म्हणून, मित्रहो, ‘ती रडते आहे का?’ यापेक्षा ‘तिला उठता येईल का?’ हा प्रश्न अशा चित्राला विचारून पाहावा.