संगणकीय दप्तराची दुसरी प्रत : आपत्तीसाठी पूर्वनियोजन

हिशेबाच्या वह्या कपाटात असत, तेव्हा आग, पूर आणि वाळवी हे त्यांचे शत्रू होते. आज पतसंस्था, दूध संस्था व लहानमोठे उद्योग यांचे दप्तर संगणकावर आले असून पुष्कळदा ते ‘क्लाउड’वर ठेवले जाते. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या इमारतीतील संगणकांवर भाड्याने घेतलेली जागा होय. त्या इमारतीलाही आग लागू शकते. तेथील माणसांच्या हातूनही चूक होऊ शकते. यास्तव मूळ दप्तर नष्ट झाल्यास व्यवहार कोठून व किती वेळात सुरू करावयाचा, हे आधीच ठरविणे अगत्याचे आहे.

दोन उदाहरणे

दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय संगणक केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटऱ्यांना आग लागली व ७०९ यंत्रणा बंद पडल्या. शासकीय कर्मचारी आपली कागदपत्रे ज्यात ठेवीत, तो ८५८ टेराबाइटांचा सामायिक साठा कायमचा गेला. साठा फार मोठा म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती.

ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीची यंत्रणा मे २०२४ मध्ये गूगलच्या क्लाउडवरून पुसली गेली. यंत्रणा उभारताना गूगलकडून एक रकाना कोरा राहिला, त्यामुळे तिची मुदत एकच वर्ष धरली गेली आणि मुदत संपताच ती आपोआप नाहीशी झाली. परंतु निधीने मूळ यंत्रणेपासून अलग प्रती ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे सेवा पुन्हा उभी राहिली. तरीही सभासदांना सुमारे आठवडाभर थांबावे लागले.

नियोजनाचे टप्पे

१. दोन प्रश्न : किती वेळाच्या नोंदी गमावणे परवडेल आणि काम किती वेळ बंद राहिलेले चालेल, हे प्रथम ठरवावे. दूध संस्थेची प्रत रोज रात्री निघत असेल आणि बिघाड सायंकाळी झाला, तर त्या दिवसाच्या नोंदी जातात. संकलनाच्या पावत्या जपल्या असतील तर त्या पुन्हा भरता येतात. पतसंस्थेत दिवसभर पैशांची देवघेव चालते. तेथे प्रत वरचेवर निघाली पाहिजे.

२. अंतर : प्रत दूरच्या ठिकाणी असावी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरात एकाच शहरातील दोन्ही प्रती सापडू शकतात. अॅमेझॉनसारख्या कंपनीची केंद्रे मुंबई व हैदराबाद या दोन्ही ठिकाणी आहेत. एकीकडे मूळ दप्तर व दुसरीकडे प्रत ठेवता येते.

३. स्वतंत्रता : मूळ दप्तराबरोबर आपोआप बदलणारी प्रत पुरेशी नाही, मूळ नोंद पुसली की तीही पुसली जाते. म्हणून काही जुन्या प्रती ठराविक मुदतीपर्यंत कोणासही पुसता येणार नाहीत अशा ठेवाव्यात. त्यांचे खाते व पासवर्ड वेगळे असावेत.

४. खर्च : केवळ प्रत ठेवणे स्वस्त पडते, परंतु त्यावरून काम उभे करण्यास तास किंवा दिवस लागतात. दुसरी यंत्रणा सदैव चालू ठेवल्यास काम लवकर सुरू होते, पण खर्च पुष्कळ वाढतो. खातेवही व सभासदांच्या ठेवी यांना अग्रक्रम द्यावा. जुना पत्रव्यवहार मागाहून आणता येतो.

५. रंगीत तालीम : वर्षातून निदान दोनदा प्रतीवरून दप्तर प्रत्यक्ष उभे करून पाहावे व लागलेला वेळ नोंदवावा. कोणी काय करावयाचे, कोणास दूरध्वनी करावयाचा, याची यादी कागदावरही असावी. संगणकच बंद पडला तर त्यातील यादी कोण वाचणार?

संस्थेचे दप्तर म्हणजे सभासदांचा विश्वास होय. प्रत आहे एवढ्यावर समाधान न मानता, ती कोठे आहे व तिच्यावरून काम शेवटी केव्हा करून पाहिले, हे प्रत्येक संचालक मंडळाने पुढील सभेतच विचारावे.